लिनक्सकाका

नवी मुंबईतल्या तुर्भ्यात तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारी माणसं दोन प्रकारची. पहिला तीनशे-चारशे रुपये घेतो, फॉरमॅट मारतो आणि निघून जातो. दुसरा काहीच घेत नाही आणि निघूनही जात नाही. हा दुसरा म्हणजे आमचे लिनक्सकाका.

काका टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर पंप, मोटारी आणि कॉम्प्रेसर उघडून बघितल्यामुळे ज्या वस्तूचं झाकण उघडत नाही तिच्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. "आत काय चाललंय ते बघता येत नाही, ती वस्तू विकत कसली घेतली? भाड्यानं आणली म्हणा!" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. शर्टाच्या खिशात पेन आणि पेनाला चिकटून पेनड्राइव्ह. चष्मा घरी राहील, स्कूटरची किल्ली राहील, पेनड्राइव्ह राहणार नाही. स्कूटरच्या मागे पेंग्विनचं, म्हणजे लिनक्सच्या चिन्हाचं, स्टिकर. सोसायटीत नवीन राहायला आलेली माणसं ते बघून उन्हाळ्यात त्यांना एसी सर्व्हिसिंगचे दर विचारतात. काका रागावत नाहीत. "एसीचं नाही करत मी. पण घरात जुना लॅपटॉप आहे का?"

काका कोणाच्याही घरी गेले की आधी कान टवकारतात. आतल्या खोलीतून पंख्याची घरघर ऐकू आली की पाण्याचा ग्लास तसाच ठेवून विचारतात, "एवढा धापा का टाकतोय तो?" यजमान भोळेपणानं सांगतात, "अहो, अँटीव्हायरस चालू आहे." झालं! पुढचा तासभर त्या घरात दुसरा विषय निघत नाही.

व्याख्यानाची सुरुवात 25 ऑगस्ट 1991 पासून होते. फिनलंडमधल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं, लिनस टोरवाल्ड्सनं, त्या दिवशी जगाला कळवलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, हौस म्हणून, फार मोठं काही नाही. तीच पुढे लिनक्स झाली. हे काका अशा थाटात सांगतात की हेलसिंकीत त्या खोलीत चहा घेऊन तेच उभे होते. मग उडी थेट 2017 च्या नोव्हेंबरवर. "तेव्हापासून जगातले पहिले पाचशे महासंगणक, सगळेच्या सगळे, लिनक्सवर!" यजमान मान हलवतात. त्यांना महासंगणक घ्यायचा नसतो, मुलाचं हॉलतिकीट काढायचं असतं.

मोबाइलचा दाखला मात्र काका खास तुर्भ्याच्या माणसाला देतात. "मार्केट आपल्या तुर्भ्यात, सेक्टर एकोणीसमध्ये. पण सगळं जग म्हणतं वाशी मार्केट. खरं की नाही? तसंच आहे हे. मोबाइलमध्ये राबतो लिनक्स, नाव मात्र अँड्रॉइडचं!" हे सगळ्यांना पटतं. वाशीवरचा राग तुर्भ्यात कोणालाही लगेच पटतो. पण राग पटला म्हणून कोणी लॅपटॉप काढून देत नाही.

काकांच्या घरातलं कॅलेंडरही वेगळं चालतं. काका वापरतात त्या लिनक्सच्या अवताराची, उबंटूची, नवी आवृत्ती दरवर्षी एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये येते आणि प्रत्येक आवृत्तीला एका प्राण्याचं नाव असतं. काका घरातले प्रसंग त्या प्राण्यांवरून लक्षात ठेवतात. पुतण्याचं लग्न 'हार्डी हेरॉन'ला, म्हणजे 2008 च्या उन्हाळ्यात. मोठीचं बाळंतपण 'लुसिड लिंक्स'ला. नातू झाला तो 'फोकल फोसा'च्या वेळी, 2020 च्या लॉकडाउनमध्ये. काकूंना यातला एकही प्राणी माहीत नाही, पण तारखा त्यांच्याच बरोबर असतात.

2005 च्या सुमारास उबंटूवाले जगात कुठेही फुकट सीडी पोस्टानं पाठवत. काकांनी भरपूर मागवल्या. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून याच द्याव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. काकूंनी स्टीलच्या वाट्या दिल्या, याचं शल्य काकांना अजून आहे. 2011 मध्ये ती योजना बंद झाली. उरलेल्या सीड्या गॅलरीत दोऱ्याला टांगल्यात, कबुतरं पळावीत म्हणून. कबुतरं त्यांच्याखालीच बसतात.

काकांची खरी परीक्षा झाली ती कांदा-बटाटा मार्केटात. ओळखीच्या एका आडत्याच्या गाळ्यावर कॉम्प्युटर सारखा अडायचा. काका पेनड्राइव्ह घेऊन पहाटेच हजर. बाहेर गाड्या खाली होत होत्या, माथाडी पाठीवर गोणी घेऊन पळत होते आणि शेतकरी पट्टीची, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदाची, वाट बघत उभे होते.

"शेठ, हे बघा. एकदम फुकट!"

"फुकट?" शेठनी भुवया चढवल्या. ज्या बाजारात काहीच फुकट मिळत नाही तिथे हा शब्दच संशयाचा. "मग माल कसला असंल त्यो?"

"आणि तुमचं हे विंडोज कितीला घेतलंत?"

"त्ये बी फुकटच की! पोरगं टाकून गेलं."

काकांच्या हातातलं सगळ्यात मोठं अस्त्र तिथेच गळून पडलं. विकतच्या मालापुढे फुकटचा माल उभा करता येतो. चोरून फुकट झालेल्या मालापुढे काय उभं करणार? तरी काकांनी नेट लावून सिस्टिम सुरू करून दाखवली. शेठना रंग आवडला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पट्टी निघंल का?"

पट्टीचं सॉफ्टवेअर कधीकाळी एका पोरानं विंडोजवर लिहून दिलं होतं. ते पोरगं आता कॅनडात. काकांनी ते 'वाइन'मधून, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या जुगाडातून, चालवून बघितलं. ते उघडलं, आकडे दिसले, पण प्रिंट आलं ते सगळे कानामात्रे उडालेलं. मुनीमजींनी तो कागद आडवा धरला, उभा धरला आणि काही न बोलता खणात ठेवला. काकांनी पेनड्राइव्ह काढला. वर टॅलीचा प्रश्न होताच. टॅली विंडोजची, आणि मुनीमजी टॅलीचे.

तुर्भे स्टोअरच्या झेरॉक्सवाल्याकडे काका 'गिंप' घेऊन गेले. "हे बघ, फोटोशॉपसारखंच. फुकट आणि कायदेशीर." पोरानं दोन मिनिटं उलटसुलट क्लिक केलं. "काका, एका बटणात आठ पासपोर्ट फोटो कुठं होतात यात?" बटण नव्हतं. ते बनवता येतं, असं काका म्हणाले. पण काउंटरवर रांग उभी होती आणि रांगेतल्या प्रत्येकाला फोटो आजच हवे होते. शिवाय त्याची अर्जांची, लग्नपत्रिकांची वर्षानुवर्षांची मराठी मजकुराची फाइल जुन्या फॉन्टात. ती दुसरीकडे उघडली की वधूपित्याच्या जागी चौकोन आणि डॉलरची चिन्हं. शेजारच्या सीएंकडे डिजिटल सहीचं टोकन अडलं. त्यांनी काकांना चहा पाजला आणि मार्चनंतर यायला सांगितलं. कुठला मार्च, ते नाही सांगितलं.

हे सगळं 'सोपं' असतं, हे वेगळं सांगायला नको. काकांच्या शब्दकोशात अवघड काही नाहीच. "सोपंय हो! टर्मिनल उघडायचं, तीन ओळी मारायच्या." मग काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं धावायला लागतात आणि घरातली बाई देवाजवळ दिवा लावते. तीन ओळींच्या पुढे चौथी असते, चौथीत एक चूक असते, ती शोधायला फोनवर काहीतरी वाचावं लागतं. निघताना काका त्या ओळी भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागे, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवतात. महिना संपला की पान उलटतं आणि लिनक्सही.

काकांचा एकमेव समविचारी माणूस कोपरखैरण्याला राहतो. समविचारी म्हणजे त्यांचं काहीच पटत नाही. काका उबंटूचे, तो फेडोराचा. काकांच्या भाचीनं एकदा प्रोजेक्टसाठी विचारलं, "मामा, कोणतं टाकू?" दोघांनी दोन बाजूंनी तिला सल्ला दिला. मिंट, डेबियन, सरकारी सीडॅकनं 2007 मध्ये काढलेली 'बॉस', सगळ्यांची नावं निघाली, मग गुणदोष निघाले, मग एकमेकांचे गुणदोष निघाले. तोवर भाचीनं प्रोजेक्ट मोबाइलवर संपवलं होतं.

14 ऑक्टोबर 2025 हा काकांचा सण होता. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 ची मुदत संपवली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ची चिप लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो; म्हणजे धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रं एका दिवसात म्हातारी ठरली. दिवाळी तोंडावर होती. काकांनी सोसायटीच्या फळ्यावर, पाणीकपातीच्या सूचनेशेजारी, स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'जुने कॉम्प्युटर टाकू नका. भेटा.' घरगुती ग्राहकांना आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट मिळवायची सोय कंपनीनं ठेवली होती, ते मात्र त्यांनी लिहिलं नाही. फळ्यावर जागा नव्हती, म्हणतात.

आणि माणसं आली. सगळी नाहीत, पण आली. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बाई, टेलरची मुलगी, मीही. आमच्या यंत्रांवर आज लिनक्स आहे आणि बरं चाललंय. पण आम्ही स्वातंत्र्यासाठी आलो नाही, महासंगणकांसाठी तर नाहीच. आम्ही आलो, कारण रात्री दहाला "काका, आवाज गेला" असा फोन केला की काका लुंगीवर शर्ट चढवून येतात. यात गंमत अशी की जे कुटुंब उलव्याला राहायला गेलं ते महिनाभरात विंडोजवर परतलं. स्कूटर तिथवर पोचत नाही.

लिनक्सच्या सगळ्या वादात हा मुद्दा बाजूलाच राहतो. सामान्य माणूस ऑपरेटिंग सिस्टिम निवडत नाही; अडलं तर हाक कोणाला मारायची, ते निवडतो. विंडोज अडलं तर शेजारचा मुलगा आहे, मेहुणा आहे, झेरॉक्सवाला आहे. वीसेक वर्षं गल्लोगल्ली चाललेल्या एमएस-सीआयटीच्या क्लासांतून बाहेर पडलेला अर्धा महाराष्ट्र आहे, ज्याला स्टार्टचं बटण डोळे मिटून सापडतं. खाडीपलीकडे पवईला आयआयटीनं 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतसुद्धा करून ठेवलेत. चांगले आहेत, फुकट आहेत. पण धडा हाकेला ओ देत नाही. केरळनं सरकारी शाळांमधला संगणकाचा विषय मुक्त सॉफ्टवेअरवर नेला तेव्हा आधी शिक्षक तयार केले. म्हणजे गावोगावी विचारायला माणूस उभा केला. आमच्या तुर्भ्यात ते खातं एकट्या काकांकडे आहे.

काका हे मान्य करणार नाहीत. त्यांच्या मते लोक लिनक्स वापरतात ते लिनक्स उत्तम आहे म्हणून. मी वाद घालत नाही. वाद घातला तर फिनलंडपासून सुरुवात होते.

तुमच्याही इमारतीत असे एक काका असतील. कदाचित ते तुम्हीच असाल. तसं नसेल, तर जुना लॅपटॉप भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी एकदा त्यांना दाखवा. चहा टाका, व्याख्यान ऐका, मध्ये तोडू नका. आणि घरात प्रिंटर कोणता आहे, तेवढं मात्र आधीच सांगून टाका.