ओटा आणि माळा

आमचा कॉम्प्युटर हल्ली सुरू होईपर्यंत माझा चहा उकळून, गाळून, पिऊन होतो. भाच्याला फोन केला. ‘‘मेमरी भरली असेल, मामा.’’ मी तत्परतेने पुतणीच्या लग्नाचे नऊ जीबी फोटो उडवले. फरक शून्य.

‘‘अहो, ओट्यावर पसारा झाला म्हणून माळा झाडून काय होणार?’’ इति सौ. रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओटा भरला की विंडोज त्यावरची भांडी माळ्यावर सरकवतं आणि लागेल तेव्हा स्टुलावर चढून खाली आणतं. डबड्यातला तो लाल दिवा सारखा लुकलुकतो, ती ही चढउतार. एवढं मला इंजिनिअर भाच्यानेही कधी सांगितलं नव्हतं.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबल्यावर टास्क मॅनेजर उघडला. मेमरी 91 टक्के! विंडोज 95 चार एमबीत चालायचं; माझ्याकडे त्याच्या हजारपट, चार जीबी, तरी कंगाल. ‘मेमरी’ या मथळ्यावर क्लिक केल्यावर सगळ्यात खादाड मंडळी वर आली. ब्राउझर एकच, पण ओळी दोन डझन. एकाने मान टाकली तर दुसऱ्याला सुतक नको, म्हणून म्हणे टॅबागणिक चुली वेगळ्या.

‘डिटेल्स’मध्ये ‘एक्सप्लोरर’ दिसला. मी काही कोलंबस नाही, मला हा कशाला? केला ‘एंड टास्क’. खालची पट्टी, आयकॉन, सगळं गुप्त! भाचा हसणं आवरून म्हणाला, ‘‘फाइलमधून रन न्यू टास्क, आणि तेच नाव टाइप कर.’’ संसार परत आला.

मग ‘स्टार्टअप’ची यादी. दोन वर्षांपूर्वी भंगारात दिलेल्या प्रिंटरचा कारभारी अजून रोज सकाळी हजेरी लावत होता. त्याला ‘डिसेबल’ केलं. लॉकडाउनमधल्या मीटिंगवाल्यालाही.

राहिले टॅब. एकूण 15. सौं.चा एक, अळूवडीचा. माझ्यात सातबारा, गुडघ्याचे व्यायाम, विजेचं बिल. आणि बाकीचे अकरा, गेल्या दिवाळीपासून ‘नंतर वाचू’ म्हणून उघडे ठेवलेले, सगळे एकाच विषयावर: कॉम्प्युटर हळू का चालतो?