गन टाइम, नेट टाइम

मॅरेथॉनवाला माणूस ओळखायला तो धावताना दिसावा लागत नाही. लग्नाच्या पंगतीत तो जिलबीला 'नको' म्हणतो आणि वाढपी पुढे सरकण्याआधी कारणही सांगतो, "उद्या बत्तीस आहे." बत्तीस काय, असं शेजारच्यानं चुकून विचारलं की मठ्ठा येईपर्यंत त्याची सुटका नाही.

वय पंचेचाळीसच्या आसपास. नोकरी बँकेत, विम्यात, नाहीतर संगणकापुढे. शाळेत पी.टी.च्या तासाला हमखास पोटात दुखायचं. पुढे चाळिशीत एक रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात कोलेस्टेरॉलच्या आकड्याखाली लाल रेघ होती. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. हा धावायला लागला, कारण चालण्याचं मेडल मिळत नाही.

मात्र धावायचं ते मोजलं जाणार असेल तरच. मनगटावरचं घड्याळ चार्जिंगला लावलेलं असेल तर कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही तो स्कूटर काढतो. घड्याळ हातात असलं आणि अंतर 9.8 किलोमीटर भरलं, तर सोसायटीच्या आवारात पार्किंगभोवती घिरट्या घालून दहा पुरे करतो. वॉचमनला सुरुवातीला वाटायचं, साहेबांची किल्ली हरवली. आता तोच ओरडून सांगतो, "साहेब, अजून एक चक्कर!"

बुटांचा विषय त्याच्यासमोर काढू नये. आपला पाय आत वळतो हे त्याला आयुष्याची चाळीस वर्षं ठाऊक नव्हतं. दुकानातल्या मुलानं ते एका मिनिटात सांगितलं आणि तेव्हापासून पाय खरंच वळू लागला. आता सरावाचा जोड वेगळा, शर्यतीचा वेगळा, आणि शर्यतीच्या जोडात कार्बनची पट्टी. भारताचे मॅरेथॉनपटू शिवनाथ सिंग हे अनवाणी धावण्याबद्दल प्रसिद्ध होते. 1976 च्या माँट्रिअल ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये ते अकरावे आले, आणि 1978 मध्ये जालंधरला त्यांनी नोंदवलेला 2 तास 12 मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त काळ कुणाला हलवता आला नाही. हे त्याला सांगून पाहा. तो गंभीरपणे म्हणतो, "पट्टी असती तर दोन-आठ मारली असती."

घरातल्या माणसांनी अर्थातच नावनोंदणी केलेली नसते, तरी धावावं त्यांनाही लागतं. दर रविवारी पहाटे साडेतीनला गजर होतो. तो गजराआधीच जागा असतो, उठतात बाकीचे. बायको रताळी उकडून ठेवते, मुलगी बाबांचे निपल सोलू नयेत म्हणून चिकटपट्टी शोधते आणि हे मैत्रिणींना कळू नये अशी प्रार्थना करते. शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे टेपरचे. म्हणजे धावणं कमी करून पायांना विश्रांती द्यायची. पायांना ती मिळते, घराला नाही. कुणी शिंकलं की हा दुसऱ्या खोलीत जातो. गुडघ्यात कधी नव्हे ती कळ येते, मग पोटरीत, मग ती जागा बदलत बदलत शेवटी बायकोच्या डोक्यात उठते. शेवटचे तीन दिवस कार्बोहायड्रेट भरण्याचे. एरवी भाताच्या वाढीला हात आडवा धरणारा हा गृहस्थ पातेलं जवळ ओढून घेतो आणि प्रत्येक घासाला शास्त्र सांगतो.

इतिहासही सांगतो. 1896 मध्ये अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं तेव्हा मॅरेथॉन साधारण 40 किलोमीटरची होती. 1908 मध्ये लंडनला ती विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली, तेव्हा अंतर भरलं 42.195 किलोमीटर. 1921 मध्ये तेच कायम झालं. "इंग्रज गेले," तो सुस्कारा टाकून म्हणतो, "पण दोन किलोमीटर मागे ठेवून गेले."

मग जानेवारीतला तो रविवार उजाडतो. खरं तर उजाडायच्या कितीतरी आधी तो सुरू होतो. मुंबई मॅरेथॉनसाठी रेल्वे भल्या पहाटे खास लोकल सोडते. त्या डब्यात चौथी सीट मागायला कुणी येत नाही, कारण बसायला कुणी तयारच नसतं. सगळे दांड्यांना धरून पोटऱ्या ताणत उभे. छातीवर बिब, खिशात जेलच्या पुड्या आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: "यंदा प्रॅक्टिस झालीच नाही हो." दहावीच्या परीक्षेनंतर इतकं सामुदायिक खोटं महाराष्ट्रात दुसरीकडे ऐकू येत नाही.

सीएसएमटीसमोरून हजारो माणसं अंधारात सुटतात. बंदूक वाजल्यावर सुरुवातीची रेघ ओलांडायलाच त्याला काही मिनिटं लागतात. म्हणून गन टाइम वेगळा, नेट टाइम वेगळा, आणि आपला खरा तो नेट. मरीन ड्राइव्हवर तो पेसरच्या 'बस'मध्ये शिरतो. पेसर म्हणजे पाठीवर ठरलेल्या वेळेचा झेंडा लावून एका लयीत धावणारा गडी. त्याच्यामागे राहायचं, पुढे जायचं नाही, असं प्रशिक्षकानं सोळा आठवडे बजावलेलं असतं. पण वारा गार, पाय हलके आणि भात तीन दिवसांचा. हाजी अलीच्या आत तो झेंड्याच्या पुढे असतो. एरवी पायी कुणाला सोडत नाहीत त्या वरळीच्या सागरी सेतूवर तो सेल्फीसाठी थांबतो आणि गेलेली पंचवीस सेकंदं भरून काढायला आणखी जोरात पळतो.

तिसाव्या किलोमीटरच्या पुढे कधीतरी हिशेब मागितला जातो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन संपत येतं, ऊन डोक्यावर येतं, मुंबईची दमट हवा अंगाला चिकटते. यालाच धावणारे 'वॉल' म्हणतात. झेंडेवाला पेसर शांतपणे बाजूनं पुढे जातो, त्याच्यामागून अख्खी बस जाते, बसमागून एक सत्तरीचे आजोबा जातात आणि जाताना म्हणतात, "चला, चला, थांबायचं नाही." हौशी मंडळी पहाटे पाचच्या सुमारास सुटलेली, जिंकायला आलेली त्यानंतर दोनेक तासांनी. ती इथिओपिया-केनियाची बारीक माणसंही आता शेजारून निघून जातात. त्यांच्या चेहऱ्यावर घाम नाही, कपाळावर आठी नाही. इंग्रजांच्या त्या दोन किलोमीटरांची आठवण येते ती इथेच.

पण मुंबईकर मोठा दिलदार. रस्त्याकडेला लोक संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मिठाची चिमूट हातावर ठेवतात. पेडर रोडच्या चढावर एखादी आजी खुर्ची टाकून बसलेली असते, ती बिबवरचं नाव वाचून हाक मारते. ऑफिसात ज्याला वीस वर्षांत कुणी शाबास म्हटलेलं नाही, त्याला इथे अनोळखी माणसं नावानिशी म्हणतात. त्याचं धावणं थांबलेलं असतं, पण हाक आली की तो पुन्हा धावल्यासारखं करतो आणि आजी नजरेआड होईपर्यंत खरोखर धावतो.

संपतं ते. गळ्यात मेडल पडतं. आणि या माणसाबद्दल मला आदर वाटतो तो इथे. पगार, फ्लॅटचा कार्पेट एरिया, मुलाचे टक्के हे सगळे आकडे तो आजवर वरच्या बाजूला पूर्ण करूनच सांगत आला. पण मॅरेथॉनची वेळ विचारा: "चार तास त्रेपन्न मिनिटं एकेचाळीस सेकंदं. नेट." पावणेपाच म्हणत नाही, 'पाचच्या आत' असंही म्हणत नाही. वेळ मोजणारी चिप ना ओळख मानते ना वशिला, आणि सगळा हिशेब सेकंदापर्यंत आपलाच, ही चैन त्याला दुसरीकडे कुठे मिळालेली नाही. एवढं मात्र हळूच जोडतो, "घड्याळात बेचाळीस पॉइंट आठ भरलं. गर्दीतून वळणं घ्यावी लागतात ना."

सोमवारी तो जिना कठड्याला धरून उलटा उतरतो. मेडल 'विसरून' गळ्यातच राहिलेलं असतं. खाली आई भेटते, नातवाला बसला सोडून आलेली.

"मग, कितवा नंबर आला रे?"

"आई, त्यात नंबर नसतो गं. चार हजारांच्या आसपास आलो असेन."

"आणि हे बिल्ले किती जणांना दिले?"

"पुरं करणाऱ्या सगळ्यांना."

आई क्षणभर विचार करते. "सगळ्यांना मिळणार होते," ती म्हणते, "तर एवढी घाई कशाला केलीस?"