उसवणारी आत्या

काही माणसांच्या हातून काम उत्तम होतं, फक्त ते पुरं होत नाही. पासली गावात हा मान आत्याचा. बचत गटात ती मण्यांची कानातली करते. म्हणजे करते, बघते आणि उसवते.

काम तसं सोपं. वर मण्यांची पट्टी, खाली झालर. पट्टीतून दोरा खाली सोडायचा, मणी ओवायचे आणि शेवटचा मणी तेवढा चुकवून सुई बाकीच्या मण्यांतून पुन्हा वर काढायची. चुकवलेला मणी खाली अडून बसतो, म्हणून सर सुटत नाही. दोरा फार ओढला तर सर लोंबायचं सोडून ताठ उभा राहतो. सैल सोडला तर मण्यांमधून दोरा डोकावतो. मधला सर लांब, कडेचे आखूड होत जाणारे. बाकीच्या बाया गप्पा मारता मारता जोडी उरकतात.

आत्याचं घोडं जोडीपाशीच अडतं. डावं झालं की ती उजवं शेजारी धरते. मणी मोजते, बरोबर भरतात. मग लांबी बघते, तर एक सर केसभर जास्त! कारण पुण्याच्या रविवार पेठेतून आणलेल्या स्वस्त मण्यांत एक जाडा, एक बारीक. नंबर वाढेल तसा मणी लहान होतो. अकरा नंबरचा जेमतेम २ मिलिमीटर. त्यातला फरक आपल्याला भिंग लावून दिसत नाही, आत्याला ओटीवरून दिसतो. जपानी मणी एकसारखे येतात असं कुणी तरी सांगितलं, तेव्हा भाव ऐकून ती म्हणाली, "एवढ्या पैशात मी घरीच निवडीन की!" तेव्हापासून तिच्या सुपात तांदळाआधी मणी असतात.

"आत्या, दोन्ही कान एका येळी कोण बघतंय?" गटाच्या अध्यक्षीणबाई वैतागल्या.

"आरसा बघतो," म्हणून आत्याने सर उसवला.

भाचीच्या लग्नात अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि आत्या नवरदेवाच्या मुंडावळ्या न्याहाळून म्हणाली, "डावीकडं एक मोती कमी हाय." पुढच्या पंगतीपर्यंत वरमाय मोती मोजत होती.

भातलावणी उरकली की तोरण्यावर ढग बसतो, लाइट जाते आणि गटातल्या सुया खाली ठेवल्या जातात. आत्या बोटांनी चाचपत ओवत राहते. एकदा कोंबडीनं वाटीत चोच घातली, तर आत्याने उरलेले मणी मोजून कोंबडीच्या पोटातला आकडा सांगितला.

दोरा तुटला म्हणून तिचं कानातलं कधी परत आलं नाही. येणार कुठून, मुळात जातच नाही! पुण्याच्या प्रदर्शनात मात्र तिची एक जोडी विकली गेली, आत्या जेवायला गेली होती तेव्हा.

पुढे त्या गिऱ्हाईकबाईंचा फोन आला: एक कानातलं बसमध्ये पडलं, तेवढं एक करून द्या.

"उरलेलं पाठवा," आत्या म्हणाली. "जोडीदार समोर असल्याबिगर मी सुई धरत न्हाय."

बाईंनी विश्वासाने पाठवलं. आत्याने ते उजेडाला धरलं. तिसऱ्या सरात एक जाडा मणी निघाला.

बाईंना एक कानातलं हवं होतं. सध्या त्यांच्याकडे एकही नाही.