गाडीचे गुडघे

स्पोर्ट्स बाइक ज्या वेगात पडेल म्हणून तिच्या अंगाला स्लायडर लावतात, तो वेग गाठण्याइतका मोकळा रस्ता आमच्या हिंगोली जिल्ह्यात सलग मिळत नाही. गतिरोधक संपला की रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं, आणि सोयाबीनचे दिवस नसतील तेव्हा शेळ्या असतात. तरीही माझी गाडी पडते. उभी असताना पडते. साइड स्टँड काळ्या मातीत उतरत जातो आणि दुपारच्या तासाला मागच्या बाकावरची मान कलावी तशी ती सावकाश डावीकडे कलते.

गाडी यामाहाची आर-वन-फाइव्ह. १५५ सीसी, सहा गिअर, आणि दहा हजार फेऱ्यांना अठरा अश्वशक्तीच्या वर ताकद, असं पुस्तिका सांगते. दहा हजार फेऱ्या मी पुस्तिकेतच पाहिल्या आहेत. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, वय सत्तेचाळीस. या गाडीवर टाकीला छाती लावून ओणवं बसायचं असतं. माझं पोट माझ्याआधीच टाकीवर जाऊन बसत असल्यामुळे पुढचं आपोआप जमतं. कॉलेजच्या फाटकातून आत शिरताना मी हेल्मेटची काच जरा उशिरा वर करतो. कोण आलंय ते पोरांना लगेच कळू नये म्हणून. त्यांना गल्लीच्या तोंडापासूनच कळलेलं असतं, हा भाग वेगळा.

स्लायडर म्हणजे इंजिन जिथे चौकटीला बोल्टने धरलेलं असतं, तिथून दोन्ही बाजूंना बाहेर काढलेले प्लॅस्टिकचे भरीव ठोकळे. गाडी आडवी झाली की रंगवलेल्या फेअरिंगऐवजी, म्हणजे बाहेरच्या आवरणाऐवजी, ते ठोकळे डांबरावर टेकतात आणि घासत जातात. झिजायचं काम त्यांचं.

आता कुणी म्हणेल, हे तर आपलं लेग गार्ड झालं. मुळीच नाही. लेग गार्डचा असा अपमान मी होऊ देणार नाही. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या जुन्या मोटारसायकलला जे लेग गार्ड आहे, त्याने पाय वाचवल्याचा एकही प्रसंग घराण्याच्या स्मरणात नाही, पण बाकी सगळं वाचवलं आहे. त्याला डावीकडे दुधाची किटली अडकायची आणि उजवीकडे, तोल राहावा म्हणून, भाजीची पिशवी. भाजी कमी असली तर पिशवीत एक दगड. पेरणीच्या दिवसांत खताची गोणी सीट आणि टाकीच्या मधे आडवी पडे आणि अण्णांचे दोन्ही पाय लेग गार्डवर जात. त्या अवस्थेत ब्रेक कुठल्या अवयवाने लावत, हे जीवशास्त्राचा माणूस असून मला आजवर सांगता आलेलं नाही. थंडीत त्यावर युरियाच्या पोत्याचा पडदा ताणला जाई, नडग्यांना वारं लागू नये म्हणून. पावसाळ्यात तोच पडदा चिखल अडवी. मोटारीचा पाइप, कडब्याची पेंढी, पाय बांधलेली आणि जगाकडे उलटं बघणारी कोंबडी, औंढ्याच्या जत्रेतून आणलेला माझा पत्र्याचा ट्रक, सगळं त्याच्यावरून घरी आलं. अण्णांनी नळीवर निळी आणि पिवळी नायलॉनची दोरी अशी गुंडाळली होती की तिची नक्षी बघायला माणसं थांबत. दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची तेव्हा झेंडूचा हार हँडलला नव्हे, आधी लेग गार्डला. मी पुढे टाकीवर बसायचो तेव्हा माझे पाय त्याच्यापर्यंत पोचत नसत. ज्या दिवशी पोचले त्या दिवशी अण्णांनी मला मागे बसवलं. ‘आता समोरचं दिसंना,’ म्हणाले. मला त्याचं इतकं वाईट वाटलं होतं की अजूनही कुणाच्या मागे बसलो की मी बाजूने मान काढून पुढे बघतो.

असो. लेग गार्ड आर-वन-फाइव्हला लावता येत नाही. म्हणजे जोडता येईल कसंतरी, पण मग ती गाडी घ्यायचीच कशाला?

स्लायडरचा विषय निघाला तो भूकंपामुळे. १० जुलै २०२४, सकाळी सव्वासातच्या सुमारास जिल्हा हलला. केंद्र कळमनुरी तालुक्यात, रामेश्वर तांड्याच्या बाजूला, तीव्रता ४.५. वसमत आणि औंढ्याकडच्या पांगरा शिंदेसारख्या गावांना जमिनीखालचे आवाज नवे नाहीत, पण आम्ही तालुक्याच्या ठिकाणची माणसं, आम्हाला भिंत थरथरायची सवय नव्हती. सगळे अंगणात आले. बायकोने एका हाताने मुलीला धरलं होतं आणि दुसऱ्याने अण्णांना. अण्णांनी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण धरला होता. मी गाडी धरायला गेलो. ती आडवी झालेलीच होती.

‘आधी कोणाला उचललंत ते बघितलं बरं का मी,’ बायको म्हणाली. हे वाक्य तेव्हापासून घरात महिन्यातून एकदा तरी चालतं, बहुतेक मी चहा मागितला की.

गाडी भूकंपाने पडली असं माझं म्हणणं. रात्रभर पाऊस होता, स्टँड रुतला आणि ती पहाटेच पडली होती, असं बायकोचं. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो वेधशाळा उभी राहते आहे. २६०० कोटींचा प्रकल्प, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, प्रोटॉनच्या आकाराहून कितीतरी लहान हालचाल त्या टिपणार. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर दुधाळ्याला कळेल. ती तेव्हा चालू असती तर आमच्या अंगणातल्या पडझडीची नेमकी वेळही मिळाली असती आणि मला न्याय मिळाला असता.

क्लचच्या दांडीचं टोक मोडलं, गिअरची पट्टी वाकली, आणि डाव्या फेअरिंगवर कोपरापासून मनगटापर्यंत जाईल एवढा ओरखडा. पॅनलची किंमत ऐकून अण्णा म्हणाले, ‘एवढ्यात माझं इंजिन बांधून होतं.’ त्यांच्यापाशी मोजायला तेवढं एकच माप आहे.

बाजारात तयार स्लायडर मिळतात. पण तयार वस्तू आणून लावली तर तिच्याबद्दल स्टाफरूममध्ये बोलणार किती वेळ? मी स्वतः आराखडा करून घडवून घ्यायचं ठरवलं. वाचन सुरू केलं. वाचनात पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि लेथवाल्या मामांच्या दुकानात पोचेपर्यंत २०२५ चा चैत्र उजाडला. चैत्रात आमच्याकडच्या लेथवर हळदीशिवाय दुसरं काम घेऊन जाणं म्हणजे लग्नघरी जाऊन हिशेबाची वही उघडणं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती पॉलिश करायच्या ढोलाचं शाफ्ट ऐन वेळी तुटायचं काही थांबलं नाही.

‘काय बनवायचंय, सर?’

‘स्लायडर. गाडी पडल्यावर घासत जायला.’

मामांनी लेथ बंद केला. ‘पडल्यावर? मग पडू नका की. ह्यो माणूस कळमनुरीहून ढोल घिऊन आलाय, सकाळपासून बसायलाय.’

कळमनुरीच्या माणसाने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मी खिशातून कागद काढला. चार इंच लांब, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे, टोकाला लाल कडं. मामांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, आणि दोन्ही बाजूंनी सारखाच नापास केला. अ‍ॅल्युमिनियम घसरत नाही, डांबराला धरतं, आणि धरलं की गाडी घासत जायच्या ऐवजी कोलांटी घेते. चार इंच लांब केलं तर ठोकळा राहत नाही, पहार होते. पडताना सगळा भार पहारीच्या टोकावर, आणि उपटलं जाणार ते इंजिनाचं माउंट. ‘पत्रा वाचंल अन् चौकट जाईल,’ मामा म्हणाले. हेच मी वर्षभर वाचत होतो. फक्त मला लाल कडं हवं होतं.

मग त्यांनी कोपऱ्यातून एक पांढरा रॉड काढला. ‘कडक नायलॉन. ट्रॅक्टरवाले बुशला नेतात.’ खात्री म्हणून त्याची एक कपची सोलून चिमट्यात धरली आणि लायटर लावला. नायलॉन जळताना केस जळल्याचा वास यायला हवा. इथे निळसर, उजेडात दिसेल न दिसेल अशी ज्योत, आणि वास थेट नाकाच्या मुळाशी. तो वास मी झोपेतही ओळखेन. फॉर्मेलिन! आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात बरणीतला बेडूक ज्यात पोहत असतो ते.

‘मामा, हे नायलॉन नाहीच. डेलरिन आहे!’

आयुष्यात प्रथमच माझा विषय माझ्या गाडीच्या कामी आला होता. मी सोडतो की काय! ड्यूपाँट कंपनीने हे १९६० मध्ये बाजारात आणलं, नायलॉन पाणी पितं आणि फुगतं, हे जवळजवळ पीत नाही, अंगाने घसरडं, वितळायला पावणेदोनशे अंश लागतात, जळताना फॉर्मल्डिहाइड सोडतं. माझा तास संपल्यावर कळमनुरीच्या माणसाने एकच प्रश्न विचारला, ‘ढोलाला चालंल का?’ चाललं. त्या रॉडचा पहिला तुकडा ढोलाच्या बुशला गेला आणि माझा नंबर संध्याकाळवर.

मधे एक दिवस दुकान उघडं होतं पण लेथ बंद होता. ४ एप्रिल. वसमत तालुक्यातल्या गुंजच्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेतकामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी गेल्या. दुकानात जो येई तो फोन पुढे करी, कुणी काही बोलत नव्हतं. मी मिलिमीटर लिहिलेला नवा कागद खिशातून काढला होता, तो परत आत घातला. ट्रॉली मालाची. मजुरीला जाणारी बाई तीत बसते तेव्हा तिला धरायला काही नसतं, टेकायला काही नसतं, कारण ती जागा मुळात माणसाची नाहीच. आणि शिवारातल्या कितीतरी विहिरींना कठडा नाही. एका कठड्याला किती विटा लागतात हे मी कधी कुणाला विचारलेलं नव्हतं. माझ्या दोन ठोकळ्यांना किती ग्रॅम रॉड लागेल, हे मामांना तीनदा विचारून झालं होतं.

‘तुमचं सोमवारी बघू, सर,’ मामा म्हणाले.

सोमवारी ठोकळे झाले. चकमध्ये रॉड फिरू लागला आणि टूलखालून पांढरा, लांबच लांब कीस निघाला. मामांच्या नातवाने तो दाढी म्हणून लावला. ठोकळ्याची लांबी मामांच्या मनाची, टोक गोल, आणि बोल्टचं डोकं चांगलं खोल आत, म्हणजे प्लॅस्टिक कितीही झिजलं तरी लोखंड रस्त्याला लागणार नाही. मूळ बोल्ट आखूड पडणार होता. लांब, बारीक आट्यांचा, डोक्यावर १०.९ हा मजबुतीचा आकडा लिहिलेला बोल्ट हिंगोलीच्या दुकानांत मिळेना. ८.८ चे डबेच्या डबे होते, पण मामा ऐकेनात. नांदेडहून आणला.

बसवताना इंजिनाखाली फळी आणि जॅक. एका बाजूचा बोल्ट काढून नवा आवळल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही, नाहीतर इंजिन खाली बसतं आणि भोकं जुळत नाहीत. इथवर सगळं माझ्या वाचनाप्रमाणे झालं. मग मामांच्या मुलाने ड्रिलला होल सॉ लावला आणि फेअरिंगवर पेन्सिलने एक गोल काढला.

‘हे काय?’

‘ठोकळा बाहेर कुठून काढायचा मग?’

फेअरिंग वाचवायला फेअरिंगलाच भोक. भूकंपाने नुसता ओरखडा काढला होता. भोक मी पैसे देऊन पाडून घेतलं, आणि तेही दोन्ही बाजूंना, कारण उजवी बाजू अजून एकदाही पडली नव्हती तरी शोभा म्हणून काही असतं. ड्रिल सुरू झाल्यावर मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उसाचा रस प्यायलो.

ठोकळे देखणे झाले. मुलगी म्हणाली, गाडीला गुडघे आले. कॉलेजात पोरं वाकून बघतात, त्यातली निम्मी तिघं-तिघं बसून आलेली असतात आणि हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नसतं. त्यावर मी तासभर बोललो. तास संपल्यावर एकाने हात वर केला. मला वाटलं, पटलं. ‘सर, स्लायडर काळ्या रंगात मिळतील?’

तिघांना हवेत. मी मामांकडे पाठवले. मामांनी त्यांना परत पाठवलं. लांबी बरोबर झाली की नाही हे ठोकळा झिजल्याशिवाय कळत नाही, तेव्हा सर पडेपर्यंत थांबा, म्हणाले.

आणि मी पडत नाही. गाडीही पडत नाही. बायकोने साइड स्टँडखाली शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवला आहे, कधीतरीचा उरलेला, फुकटचा. त्या दिवसापासून आख्खा पावसाळा गाडी सरळ उभी आहे. स्लायडरवर एक रेघ नाही. खरे चालवणारे एकमेकांचे घासलेले स्लायडर बघतात म्हणे, आणि माझे असे कोरे की दुकानातून आणल्याचा संशय यावा. पोरं रोज सकाळी फाटकाशी थांबून आधी माझ्या गाडीच्या डाव्या अंगाकडे बघतात, मग ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणतात.

परवा मामा बाजारात भेटले. हळद संपली होती, हाताला काम कमी होतं.

‘अजून न्हाई?’

‘नाही ना, मामा. खाली फरशी आहे.’

मामांनी थोडा विचार केला. ‘एक दिवस काढून ठिवा की.’