तात्यांचा दांडा

सांगलीच्या विश्रामबागेतले तात्या म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. विलिंग्डन कॉलेजच्या बाजूला सकाळी फिरायला गेलात, तर एखादा तरी तात्या हटकून भेटतो. डोक्याला माकडटोपी, पायात कॅनव्हासचे बूट, खिशात मोजायचा टेप. उमेद सगळी सरकारी खात्यात इंजिनीअर म्हणून गेलेली, तासगावकडे वडिलार्जित एकरभर रान, आणि निवृत्तीनंतर जडलेला शेतीचा नाद. पेन्शन एक तारखेला जमा होते, त्यामुळे पीक बुडालं तरी झोप उडत नाही.

अशा तात्यांच्या रानात धनगरांची मेंढरं बसतात. जत-आटपाडीकडचे कळप पावसाळा सरला की हिरव्या मुलखाकडे निघतात, आणि बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असतं. मेंढरांच्या लेंड्या नांगराखाली जिरून जातात. घोडी मात्र बांधावरच्या बाभळीखाली बांधलेली, तिथं लिदीचा सडा. दुसरा शेतकरी ती पायानं सारून मोकळा झाला असता. तात्या वाचलेले असतात. घोडा रवंथ करत नाही, त्यामुळे गवताचं बी पोटातून बऱ्यापैकी शाबूत बाहेर येतं. ताजी लीद तशीच पसरली तर खतासोबत तणाचीही पेरणी होते. म्हणून ती गोळा करून चार महिने कुजवायची. आणि तिच्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, म्हणून आधी स्वतः इंजेक्शन घ्यायचं. हे सगळं बरोबर आहे, हीच तात्यांची पंचाईत. माणूस चुकत असता तर कुणी थांबवला तरी असता.

पण लीद उचलायची कशानं?

खोऱ्यानं उचलली की निम्मी माती येते. दाताळ्यानं ओढली की गोळे फुटतात. परदेशातल्या तबेल्यांत जवळजवळ दातांचा, वजनाला हलका पंजा असतो: लीद वर राहते, माती गळून जाते. तिकडे कुरणातली लीद आठवड्यातून दोनदा उचलतात, म्हणजे जंतांचं चक्र तुटतं. ही माहिती तात्या धनगराला ऐकवायला गेले, तेव्हा कळप पुढच्या गावी पोचला होता.

मग लोहार. त्याच्या भात्यासमोर बसून तात्या त्याला फ्रेडरिक टेलर सांगतात. 1900 च्या सुमारास अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कारखान्यात टेलरनं फावडी मोजली आणि निष्कर्ष काढला, की खेपेला 21 पौंड, म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास वजन उचललं तर दिवसाकाठी सर्वांत जास्त काम होतं. कोळसा हलका तर फावडं मोठं, खनिज जड तर लहान. तात्यांनी त्याला वयाचा भागाकार लावून आकडा चार किलोवर आणला. लोहार गप्प ऐकतो. ज्या जिल्ह्यात 1910 साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगरानं जमीन नासेल म्हणून लोक बिचकले, तिथल्या लोहाराला नव्या अवजाराचं कौतुकही नसतं आणि भीतीही नसते. तो एवढंच विचारतो, "तात्या, दांडा केवढा?"

इथं तात्या खुलतात. दांडा आखूड असला की कंबर वाकते, मणके बोलायला लागतात. म्हणून ताठ उभं राहून छातीपर्यंत माप. लाकूड बाभळीचं, पाचर घट्ट, मूठ तासून गुळगुळीत, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. अवजार खरोखर झकास होतं. बागेतल्या सगळ्या तात्यांनी ते हाताळून पाहिलं, एकानं दिवाणखान्यात गालिच्यावर चालवूनही पाहिलं.

रानात ते प्रत्यक्ष चालवणार होत्या मावशी, रोजानं येणाऱ्या. तात्यांच्या खांद्याला लागतील एवढी त्यांची उंची. माप घेताना हे कुणाच्या ध्यानात आलं नाही; आपल्याकडे अवजार घडवताना वापरणाऱ्या बाईचं माप घ्यायची रीतच कमी. मावशींनी पंजा दोन वेळा फिरवला, दांड्याचं टोक हनुवटीला लागलं, तेव्हा तो बांधाला टेकवून त्यांनी बुट्टी ओढली आणि निम्मी लीद हातानंच भरली.

"मावशी, अहो कंबर जाईल!"

"ती गेल्याली हाय तात्या. करवत हाय का घरात?"

दुसऱ्या दिवशी दांडा वीतभर कापलेला होता आणि उरलेली लीद दुपारच्या आत खड्ड्यात पडली होती. कापलेला तुकडा मावशींनी तासून आपल्या खुरप्याला मूठ म्हणून बसवला. मूठ हाताला छान बसते, असं त्या सांगतात. तात्यांनी टेप काढून तिची लांबी वहीत लिहून घेतली आहे.