लंडन उघडलं!

प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. आमच्या पार्ल्याच्या सोसायटीतल्याला लंडनकाका म्हणतात. तुमच्याकडे सिंगापूरवाले साहेब असतील. तारुण्यात फोर्टातल्या परदेशी बँकेत लागलेला, मग लंडन, हाँगकाँग, सिंगापूर असं करत वर चढलेला, आणि निवृत्तीनंतरही दूध आणायला जाताना शर्ट खोचणारा.

काकांच्या लेखी शहरं म्हणजे दुकानं. तिथल्या शेअर बाजाराबरोबर ती उघडतात आणि बंद होतात. पहाटे साडेपाचला आपण डोळे चोळत दुधाची पिशवी घ्यावी, तर जिन्यातून आवाज येतो, "टोकियो उघडलं." साडेसहाला सिंगापूर, सातला हाँगकाँग. दुपारी दीडला लंडन, रात्री आठला न्यूयॉर्क. दादर कधी उघडतं, हे मात्र काकांना आजतागायत ठाऊक नाही.

भाच्याच्या लग्नाचा मुहूर्त मे महिन्यात १२ वाजून ३७ मिनिटांचा होता. उन्हाळ्यात लंडन तासभर आधी, साडेबारालाच उघडतं. तिसरं मंगलाष्टक रंगात आलेलं असताना काका भारावल्या आवाजात म्हणाले, "लंडन उघडलं!" पुढच्या रांगेतल्या आजींना ते 'सावधान' वाटलं. त्यांनी अक्षता टाकल्या, त्यांचं पाहून मागच्या चार रांगांनी टाकल्या, आणि गुरुजींना उरलेली मंगलाष्टकं रिकाम्या मुठींसमोर म्हणावी लागली.

पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा शुद्धीवर येताच काकांनी नर्सला वेळ विचारली. सव्वाआठ, ती म्हणाली. "म्हणजे न्यूयॉर्क उघडलं," असं म्हणून काकांनी समाधानानं डोळे मिटले. नर्स घाबरून डॉक्टरांना बोलवायला धावली. काकू म्हणाल्या, "नको हो, आता बरे आहेत ते."

या सगळ्यावर ताण म्हणजे मार्च. अमेरिका महिन्याच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडन जुन्या वेळेला उघडतं आणि न्यूयॉर्क नव्या. त्या दिवसांत काकांचं चहाला लक्ष नसतं, पेपरला नसतं. एकदा तर त्यांनी लिफ्टमध्ये मजल्याऐवजी तास मोजले. काकू या काळाला पितृपक्ष म्हणतात आणि घरात कुठलंही शुभकार्य ठरवत नाहीत.

काकांच्या गोष्टीही ठरलेल्या. त्यांतल्या रकमा एक तर कोटी-अब्जांत असतात, नाहीतर एक. १७६२ सालची बेरिंग्ज बँक १९९५ मध्ये सिंगापुरातल्या एका पोरगेल्या दलालानं ८२ कोटी ७० लाख पौंडांना बुडवली. विकली गेली एका पौंडाला. नागपूरचे विक्रम पंडित डिसेंबर २००७ मध्ये सिटीग्रुपचे प्रमुख झाले (हे काका असं सांगतात, की पंडितांना धंतोलीतून स्टेशनवर सोडायला जणू हेच गेले होते) आणि २००९ मध्ये, बँक नफ्यात येईपर्यंत पगार वर्षाला एक डॉलर घेईन म्हणाले. त्यावर काकूंचा प्रश्न असतो, "एका डॉलरात घर चालवणाऱ्या त्यांच्या बायकोचा सत्कार कुणी केला का?"

लेहमन ब्रदर्सची गोष्ट गणपतीत होते. २००८ ची अनंत चतुर्दशी रविवारी, १४ सप्टेंबरला आली. सोमवारी सकाळी मुंबईतले मोठे गणपती अजून चौपाटीवर होते, लंडनला उजाडत होतं, न्यूयॉर्कला मध्यरात्र उलटलेली, आणि लेहमननं दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. "आपण निदान पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो," काका म्हणतात. हा विनोद ते दरवर्षी करतात. आम्ही दरवर्षी हसतो, कारण प्रसादाचं ताट त्यांच्या हातात असतं.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी, जिवावर आलं तरी. सोसायटी पुनर्विकासाला निघाली तेव्हा बिल्डर गोड माणूस होता. "आधी घरं रिकामी करा, चाव्या द्या, भाड्याचे चेक आणि बँक गॅरंटी आठवड्यात देतो." आम्ही माना डोलावल्या. काका उठले आणि म्हणाले, "हेरश्टाट."

सभा संपायला आली असताना कुणालाही हे नको होतं. पण काकांनी सांगितलंच. २६ जून १९७४. कोलोनची हेरश्टाट बँक. दिवसभर बाकीच्या बँकांनी तिला जर्मन मार्क देऊन टाकले होते. बदल्यात डॉलर न्यूयॉर्कला मिळायचे होते. जर्मनीतला व्यवहाराचा दिवस संपला आणि सरकारनं बँकेला टाळं लावलं. न्यूयॉर्कला तेव्हा सकाळ होती. मार्क गेले, डॉलर आलेच नाहीत. त्या धक्क्यानंतर बड्या देशांच्या मध्यवर्ती बँकांनी बँकांवरच्या देखरेखीसाठी बाझलची समिती स्थापली, आणि दोन्ही चलनं एकाच वेळी हातात पडतील अशी व्यवस्था सुरू व्हायला २००२ उजाडलं. "तेव्हा या टेबलावर," काका म्हणाले, "डावीकडे चाव्या, उजवीकडे गॅरंटी. एकाच वेळी."

बिल्डर हसला. मग चिडला. मग त्यानं गॅरंटी आणली. शेजारच्या सोसायटीनं चाव्या आधी दिल्या होत्या. ती मंडळी अजून भाड्याच्या घरांतून तारखा मोजताहेत.

एकदा काका खाली गेले असताना काकूंनी सांगितलं, की वडील गेल्याचा फोन आला तेव्हा हे हाँगकाँगला होते. बाजार बंद होईपर्यंत कुणाला बोलले नाहीत, रात्रीचं विमान धरलं, पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. मुलाची मुंज फोनवर. आणि शेवटी, सिंगापुरात दुपारचे चार वाजलेले असताना लंडनच्या मुख्यालयातून व्हिडिओवर कळवण्यात आलं, की तुमचं पद आता नाही. पाच वाजता गेटवर कार्ड चालेना. उभ्या जगाला हेरश्टाट समजावणाऱ्या या माणसानं आपली सगळी वर्षं मात्र सकाळीच देऊन टाकली होती. "हे तुम्हाला कधी बोलले?" काकूंनी विचारलं. नाही. आम्हाला फक्त टोकियो ऐकवतात.

तर सभासदांना विनंती, की काकांना सोसायटीचे खजिनदार करण्याचा माझा ठराव या सभेपुढे आहे, त्याला हात वर करावेत. सभा मुद्दाम रविवारी सकाळी दहाला ठेवली आहे. त्या वेळी काकांच्या यादीतलं एकही शहर उघडं नसतं.