पगडी आणि भोपळा

पुण्यात सतार वाजवणारे शोधावे लागतात. 'आमच्याकडे जुनी मिरजेची आहे' असं सांगणारे मात्र पेठेत पावलोपावली भेटतात. आमच्या घरचीही मिरजेचीच. आजोबांनी घेतलेली. आजोबा ती वाजवायचे कशी, याबद्दल घरात कोणी बोलत नाही. पण कोणाच्या ओळखीने आणली, हे आत्या पाहुण्यांना चहाच्या आधीच सांगून टाकते.

अस्सल पुणेकराची यात जरा पंचाईतच आहे. गाणं कळतं ते आपल्याला, सवाई गंधर्व महोत्सव आपला, आणि वाद्य मात्र मिरजेचं! तिथले शिकलगार मूळचे हत्यारं घडवणारे. तलवारींचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी सतारी-तंबोरे करायला घेतले आणि पुढे सतारमेकर हेच आडनाव झालं. शेजारच्या काकांनी यावर तोड काढली आहे. "मिरज कोणाचं संस्थान? पटवर्धनांचं. पटवर्धन कोणाचे सरदार? पेशव्यांचे. म्हणजे सतार पुण्याचीच!" याच हिशेबाने पानिपतही पुण्याच्या खात्यात मांडावं लागेल, पण तिथे काका विषय बदलतात.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. काकांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आपल्याला 2009 सालीच मिळालंय." ते खरंच आहे. पुणेरी पगडीला मिळालंय.

भाचा गिटार वाजवतो. तिचे पडदे मानेच्या लाकडात कायमचे ठोकलेले. आयुष्यभर जागचे हलत नाहीत. सतारीचे पितळी, कमानदार पडदे मात्र दांडीला दोऱ्याने नुसते बांधलेले असतात. 19-20 पडद्यांत कोमल-शुद्ध सगळ्यांची सोय सगळीकडे होत नाही, म्हणून राग बदलला की एखादा गंधार किंवा धैवत हाताने सरकवून घ्यायचा. समोरचा राग पाहून आपली जागा बदलणारं वाद्य आमच्या घरात तीन पिढ्या टिकलं कसं, याचंच मला नवल वाटतं. गिटारचा स्वभाव आमच्या घराण्याला जास्त शोभला असता. सतारीच्या भोपळ्याचं म्हणाल, तर तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. इतका वाळवलेला, की टिचकी मारली तरी घुमतो. आणि येणारा प्रत्येक पाहुणा टिचकी मारतोच.

मध्यंतरी आत्याने फर्मान काढलं, सतारीची जवारी करून घ्या. मिरजेच्याच सतारमेकर घराण्यातले एक वयस्कर कारागीर चाचा घरी आले. त्यांनी तारा सैल करून त्यांच्याखालची घोडी मोकळी केली आणि उजेडाकडे धरली. वरून सपाट दिसते, पण तिला किंचित उतार असतो. तार त्या उतारावर घासत निघते, म्हणून सतार झंकारते. वर्षानुवर्षांच्या घासण्याने घोडीवर चरे पडतात आणि आवाज बसतो; तो कानशीने पुन्हा खुलवायचा, ती जवारी. चाचांनी कानस दोनदा फिरवली, फुंकर मारली, घोडी परत बसवली, तार ओढली, छेडली, मान हलवली, पुन्हा सगळं काढलं. असं कितीतरी वेळ. मापाची पट्टी नाही, काही नाही. सगळा हिशेब कानाचा.

"अजून जरा उघडी करा," काका म्हणाले. कानस हातात असलेल्या माणसाला सूचना करण्याचा हक्क पुण्यात शेजाऱ्याला जन्मतःच मिळतो.

"करू की," चाचा शांतपणे म्हणाले. "वाजवणाऱ्याच्या हातावर असतंय ते. कुणाला उघडी लागते, कुणाला बंद. कोण वाजवतंय, ताई?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने मोबाइलकडे पाहिलं.

"वाजवत तसं कोणी नाही," आत्या म्हणाली, "पण पाहुणे फार येतात."

"मग पाहुण्यांना कशी पायजे?"

"पाहुण्यांना ऐकवत नाही हो. नुसती दाखवतो."

चाचांनी कानस पिशवीत टाकली आणि पॉलिशची बाटली काढली.